आधी समुद्र ओता

ग्रीसमध्ये ग्रीक लोक येण्याआधी तिथे कोण राहत होतं, असं तुम्हाला कुणी भर बसमध्ये विचारलं तर तुम्ही काय उत्तर द्याल?

मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा माझ्या एका हातात सुटकेस होती, दुसऱ्या हाताने मी वरचा दांडा धरला होता, आणि विचारणाऱ्या बाईंना मी थोड्याच वेळापूर्वी पहिल्यांदा भेटले होते. मी इथे, सिंगापूरच्या विद्यापीठात, संशोधनासाठी नुकतीच आले होते. पासिर रिसला या बाईंच्या फ्लॅटमधली एक खोली मला भाड्याने मिळणार होती आणि त्या मला स्टेशनवरून घ्यायला आल्या होत्या. मी म्हणाले, "कुणी नसेल."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बसमध्ये थुंकलेच होते.

"कुणी नव्हतं असं कुठेही नसतं," त्या म्हणाल्या. "चल, आपला स्टॉप आला."

त्यांना सगळे बाईच म्हणत. त्यांचा नवराही. नवऱ्याला आम्ही भाडेकरू नुसतं 'काका' म्हणायचो; ते निवृत्त इंजिनियर होते. कमी बोलायचे आणि बाईंच्या सगळ्या कल्पनांची ओझी प्रत्यक्षात वाहून न्यायचे. बाई पूर्वी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. काकांच्या नोकरीमुळे इकडे आल्या. इथे त्यांचा भूगोल कुणी मागितला नाही, म्हणून जो समोर सापडेल त्याला त्या तो देत राहिल्या. बसमध्ये, लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरमध्ये ताटं घेऊन जागा शोधणाऱ्या माणसाला. आणि भूगोल म्हणजे दर वेळी ग्रीसचा.

ग्रीसला त्या कधी गेल्या नव्हत्या. जायची इच्छाही दिसली नाही. ग्रीसच का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "कारण तो माझा नाही. आपल्या गोष्टी आल्या की माणूस लगेच हळवा होतो, नाहीतर चिडतो. परक्याच्या जमिनीवर डोकं थंड राहतं. तिथे विचार करायला शिकावं आणि मग घरी यावं."

त्या घरात एक शब्द बोलायला बंदी होती. महान. जो कुणी "महान" म्हणेल, त्याने त्या दिवशीची भांडी घासायची. नियम पाहुण्यांनाही लागू होता. मी पहिल्याच आठवड्यात सापडले. "अथेन्सची महान लोकशाही" एवढंच म्हणाले होते, आणि काकांनी कसलाही भाव न दाखवता स्पंज माझ्या पुढ्यात ठेवला.

"महान म्हटलं की विचार संपतो," बाई मला भांडी घासताना पाहत म्हणाल्या. "मग पाऊस किती पडत होता, हे कुणी विचारत नाही."

कोणत्याही लोकांविषयी बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे: यांच्याकडे काय नव्हतं? ग्रीकांकडे सपाट जमीन नव्हती. जी होती ती डोंगरांच्या मध्ये मूठमूठभर. बोटी चालतील अशी मोठी नदी नव्हती. पाऊस हिवाळ्यात पडायचा आणि उन्हाळ्यात ओढे आटायचे. मातीचा थर इतका पातळ की गव्हाचं पीक जेमतेम यायचं. पण उतारावर ऑलिव्ह आणि द्राक्षं मात्र मनापासून वाढायची. "आता बघ," बाई सांगायच्या, "पोटाला धान्य हवं, आणि घरात आहे तेल. मग माणूस काय करणार? तेल बोटीत भरून निघणार." खिडकीतून सामुद्रधुनीत नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसायची. बाई सकाळचा चहा तिथे उभ्यानेच प्यायच्या. खुर्चीत बसलं की जहाजं दिसत नाहीत, अशी त्यांची खुर्चीबद्दल तक्रार होती.

नकाशा वाचायची त्यांची रीत मी इतर कुणाकडे पाहिलेली नाही. नकाशात तपकिरी दिसेल ती भिंत समजायची आणि निळं दिसेल तो रस्ता. मग ग्रीसचा नकाशा एकदम वेगळा दिसायला लागतो. डोंगरापलीकडचा शेजारी लांब राहतो आणि समुद्रातलं बेट जवळ येतं. एका बेटावरून निघावं तर बहुतेक वेळा पुढचं बेट दिसतच असतं. म्हणून समुद्राची भीती कमी आणि शेजारच्या खोऱ्याची जास्त. प्रत्येक खोऱ्याचं वेगळं गाव, वेगळे कायदे, वेगळी नाणी, वेगळे रुसवे. "एकाच भाषेत एकमेकांशी भांडणारी गावं," बाई कौतुकाने म्हणायच्या. भांडणाचं त्यांना भारी कौतुक होतं.

मला हे पटेना. मी ज्या घरात वाढले तिथे पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. संघटनेची, संपाची, मोर्च्याची. वडील ती गठ्ठ्याने आणायचे, मी घड्या घालायचे, आणि वाचायलाही त्यांच्यावरच शिकले. इतिहास माणसं घडवतात, हे मला बाराखडीबरोबर शिकवलं गेलं होतं. डोंगरांना श्रेय देणारी बाई मला धोकादायक वाटली.

"बाई, हे फार सोयीचं आहे," मी एकदा स्वयंपाकघरात तावातावाने म्हणाले. "आज म्हणता डोंगरांमुळे ग्रीक असे झाले. उद्या कुणी म्हणेल, अमुक लोक गरीब आहेत कारण त्यांची जमीनच तशी. म्हणजे कुणाचाच दोष नाही. मोकळे सगळे!"

बाईंनी गॅस बंद केला. वाद चांगला होणार असं दिसलं की त्या आधी गॅस बंद करायच्या.

"डोंगर अडवतो," त्या म्हणाल्या. "ठरवत नाही. ठरवायचं काम माणसालाच करावं लागतं. क्रेट बेटावर ग्रीकांच्या आधीचे लोक होते. मोठमोठे वाडे बांधले त्यांनी, रंगवले, पण भोवती जाड तट घातले नाहीत. मग मुख्य भूमीवर पहिले ग्रीक बोलणारे राजे आले. त्यांनी असले प्रचंड दगड रचून तट बांधले की पुढच्या ग्रीकांना वाटलं, हे राक्षसांचं काम. ऊन तेच, दगड तसलाच, समुद्र तोच. तट घालायचा की नाही, हे माणसांनी ठरवलं की नाही?"

"पण क्रेटला तट लागतोच कशाला? भोवती समुद्र होता ना!"

बाई इतक्या हसल्या की काका बाहेरून डोकावले. "अहो, ऐकलंत का? पत्रकवाली भूगोल बोलायला लागली!"

तेव्हापासून मी पत्रकवाली झाले.

दुसरा त्यांचा हट्ट आधीच्या लोकांबद्दलचा. ग्रीकांनाही माहीत होतं की आपल्याआधी इथे कुणीतरी होतं. त्यांच्या गावांची, डोंगरांची कितीतरी नावं ग्रीक नव्हती, आधीच्यांची होती, तीच त्यांनी चालू ठेवली. समुद्राला ग्रीकांमध्ये जो शब्द चालायचा, तोसुद्धा बहुधा आधीच्यांचा, असं अभ्यासक मानतात. ही गोष्ट सांगताना बाईंचा आवाज उतरायचा. "विचार कर. उत्तरेकडून डोंगरातून चालत आलेली माणसं. समोर एवढं पाणी. ते बघून कुणाला तरी विचारावं लागलं असेल, याला काय म्हणता? आणि ज्याला विचारलं, त्याने नाव सांगितलं. पोहायला आणि होडी वल्हवायलाही त्यानेच शिकवलं असेल." पुढे अक्षरं घेतली तीही पलीकडच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांकडून. बाईंच्या मते ग्रीकांचं खरं कसब हेच, की त्यांना दुसऱ्याकडून घेता आलं.

आणि मग लिफ्टमध्ये नवा मराठी इंजिनियर भेटला, आणि तो म्हणाला की सिंगापूर म्हणजे आधी नुसतं जंगल होतं, शून्यातून उभं केलं यांनी, की बाई त्याचा मजला येऊन गेला तरी दार धरून ठेवायच्या. "तुम्ही ज्या स्टेशनला उतरता त्याचं नाव काय? पासिर म्हणजे मलय भाषेत वाळू. हे नाव तुमच्या कंपनीने ठेवलं का? या खाडीत होड्यांवर जन्मून होड्यांवर मरणारे लोक होते. शून्य कसलं?" दार धरून ठेवल्यामुळे लिफ्ट कर्कश बीप करायची. इंजिनियर पुढच्या वेळी जिन्याने जायचा.

त्या अशाच होत्या, आणि त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. समोरच्याला वेळ आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एमआरटीमध्ये त्या इतक्या मोठ्याने बोलायच्या की मी पुढच्या डब्यात जाऊन उभी राहायचे. कुणी चुकला तर त्याला सावरून घ्यायची युक्ती त्यांच्यापाशी नव्हती. पण स्वतः चुकल्या तर काय करायच्या, ते पुढे येईलच.

बाईंचा जीव एका गोष्टीत होता. सेरंगूनला आमच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या एका खोलीत शनिवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग भरायचा, आणि तो त्या घ्यायच्या. मुलांनी भारतातल्या आजीशी फोनवर चार वाक्यं बोलावीत, गणपतीत एखादं गाणं म्हणावं, एवढी पालकांची अपेक्षा. बाई बाराखडी शिकवायच्या, गाणी शिकवायच्या. पण शेवटचा भाग ग्रीसचा. मुलांनी ग्रीसबद्दल वाद घालायचा. मराठीत.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. आंग मो किओतल्या एका कंपनीत मॅनेजर, मूळचे पुण्याचे, बोलायला गोड माणूस. त्यांची मुलगी बाईंच्या वर्गात होती. चिवड्याचा डबा पुढे करून ते म्हणाले, "बाई, स्पष्टच बोलतो. पालकांच्या तक्रारी आहेत."

"कशाबद्दल?"

"ग्रीसबद्दल."

"ग्रीसने काय केलं त्यांचं?"

"अहो, मुलं मराठी शिकायला येतात आणि घरी जाऊन फिनिशियन, फिनिशियन करतात. लोक मला विचारतात, हे काय चाललंय? आपली एवढी महान संस्कृती सोडून..."

काका उठले आणि स्पंज घेऊन आले.

सेक्रेटरींना आधी ती थट्टा वाटली. मग आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहून ते निमूटपणे बेसिनपाशी गेले, शर्टाच्या बाह्या सारल्या, आणि उरलेलं सगळं त्यांनी नळ चालू ठेवूनच सांगितलं. शनिवारच्या खोलीवर रोबोटिक्सच्या वर्गवाल्यांचा डोळा होता. समिती दिवाळीनंतर मत घेणार होती. "आता किल्ल्यांची स्पर्धा आहे. सगळे पालक येतील. तुमच्या वर्गाने एक नीटसा राजगड करावा, सिंहगड करावा. पालक खूश होतील, वर्ग राहील. पण तिथेही ग्रीस आणलात, तर मला तुमची बाजू मांडता येणार नाही."

म्हणजे प्रश्न सरळ होता. राजगड केला तर वर्ग वाचणार होता. नाहीतर जाणार होता.

बाईंनी मग विचारलं, "तुमची मुलगी घरी भांडते का?"

"रोज."

"कोणत्या भाषेत?"

सेक्रेटरींनी नळ बारीक केला. "इंग्लिशमध्ये."

"आणि भूक लागली की?"

"तेव्हा मराठीत. आई, पोळी वाढ. एवढंच."

"म्हणजे पोटाला मराठी आणि डोक्याला इंग्रजी," बाई म्हणाल्या. "मला डोकं परत हवंय. ज्या भाषेत फक्त आपलंच कौतुक करता येतं, ती मुलं आजीच्या फोनपुरती ठेवतात. आजी गेली की भाषा गेली. ज्या भाषेत परक्या देशाबद्दल, परक्या समुद्राबद्दल कडकडून भांडता येतं, ती टिकते."

सेक्रेटरींनी शेवटचं पातेलं पालथं घातलं. "पटतंय हो बाई. पण मतं मिळायची नाहीत."

ते गेल्यावर माझं रक्त उसळत होतं. मी म्हणाले, आज बसून समितीविरुद्ध पत्रक लिहिते, सगळ्या पालकांना पाठवते. बाईंनी हात वर केला. "नको. पत्रकात समोरच्याला उत्तर द्यायला जागा नसते." मला ते लागलं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. काही वेळा समोरच्याकडे सगळ्या जागा असतात आणि आपल्याकडे फक्त पत्रक असतं. पण त्या दिवशी मी लिहिलं नाही.

बाईंनी ग्रीसच करायचा ठरवला. राजगडाबद्दल त्यांना राग नव्हता. "राजगड मी आयुष्यभर शिकवला," त्या म्हणाल्या. "पण कुणाच्या दमदाटीने नाही शिकवणार."

सिंगापुरात दिवाळीच्या किल्ल्याची माती दुकानातून प्लास्टिकच्या पिशव्यांत विकत आणावी लागते. काकांनी ती वाहून आणली. हॉलमध्ये फर्निचर भिंतीला सारून एक मोठा, काठ असलेला ट्रे ठेवला, आणि वर्गातली मुलं कामाला लागली. यातल्या बहुतेकांनी आजोळी सुट्टीत नाहीतर मंडळात किल्ले केलेले. त्यांना किल्ला येत होता. विटा रचल्या, चिखलात बुडवलेलं पोतं वरून टाकलं, मध्ये उंच डोंगर केला, त्याला वाटा काढल्या. एकाने शिखरावर मातीची गादीसुद्धा केली. बाई कोपऱ्यात मटार सोलत बसल्या होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. मला राहवेना, पण त्यांनी डोळ्यांनी दटावलं.

सगळं झाल्यावर त्यांनी कागदाची होडी सेक्रेटरींच्या मुलीच्या हातात दिली. "आता ही अथेन्सहून बेटावर ने."

मुलगी ट्रेभोवती फिरली. काठापासून काठापर्यंत डोंगर. "बाई, कॅनॉट ला! देअर इज नो सी!"

"मराठीत रड."

"समुद्रच नाहीये!"

"का नाहीये?"

तिने होडी डोंगराच्या पायथ्याशी टेकवून पाहिली. किल्ला करणारं मराठी मूल डोंगरापासून सुरुवात करतं. पाणी म्हणजे शेवटी उरलेल्या जागेत एक आरसा ठेवायचा, त्याला तळं म्हणायचं. असं करायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

"आपण आधी डोंगर केला," ती म्हणाली. "आधी समुद्र ओतायला पाहिजे होता."

मग त्यांनी सगळं मोडलं. एवढं केलेलं मोडायचं म्हणून कुणी कुरकुरलं नाही, कारण चूक त्यांची त्यांनाच सापडली होती. दुसऱ्या खेपेला ट्रेमध्ये आधी पाणी आलं. बाईंना नळाचं पाणी चालेना. काका बादली घेऊन पासिर रिसच्या किनाऱ्यावर गेले आणि समुद्र घेऊन आले. मग पाण्यात डोंगर असे बसवले की पाणी सगळीकडून आत घुसेल, प्रत्येक खोऱ्याला आपापला किनारा मिळेल.

तरी एक घोटाळा झालाच. मुलांनी सवयीने सगळीकडे मोहरी पेरली. किल्ल्यावर मोहरी पेरायचीच असते. काही दिवसांत आमचा ग्रीस कोकणासारखा हिरवागार झाला.

"उपटा," बाई म्हणाल्या.

"बाई, किती प्रीटी दिसतंय!"

"दिसतंय ना? एवढं गवत असतं तर घर सोडून बोटीत कोण बसलं असतं?"

मुलांनी उपटली. खोऱ्यांच्या तळाशी थोडी ठेवली. उपटलेली मोहरी काकांनी धुऊन कोशिंबिरीत घातली आणि रात्री ग्रीस खाल्ला म्हणून आनंदाने सांगत राहिले.

मी त्या ग्रीसकडे पाहत होते. बंदर होतं, ऑलिव्हची झाडं होती, तेलाचे बुधले होते, अक्षरं घेऊन येणारा फिनिशियन व्यापारी होता, क्रेटच्या बेटावर आधीच्या लोकांचा तट नसलेला वाडा होता. मी म्हणाले, "बाई, गुलाम कुठे आहेत?"

"काय?"

"अथेन्सजवळच्या डोंगरात चांदी होती. तुम्हीच सांगितलंत, त्यातून आरमार उभं राहिलं. ती चांदी खणली कुणी? तुमच्या डोंगरात खाण नाही. सगळे आपले मजेत बोटी चालवतायत."

बाईंनी या वेळी गॅससुद्धा बंद केला नाही. सरळ उठून आपल्या खोलीत गेल्या आणि मला वाटलं, आता मला दुसरं घर शोधावं लागणार. सकाळी मुलं आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना ट्रेभोवती बसवलं आणि म्हणाल्या, "काल मी एक चूक केली. पत्रकवालीने दाखवली. ज्यांनी सगळ्यात जास्त काम केलं, त्यांनाच मी विसरले. डोंगराला भोक पाडा."

मुलांनी भोक पाडलं, आत मातीची वाकलेली माणसं ठेवली. सेक्रेटरींच्या मुलीने विचारलं, "ते लॉरीच्या मागे बसून जातात, तसे अंकल?"

इथे बांधकामावरचे परदेशी मजूर लॉरीच्या उघड्या हौद्यात बसून कामाला जातात. बाई म्हणाल्या, "ते गुलाम नाहीत. पण प्रश्न सोडू नकोस. कुणी पुढे बसायचं आणि कुणी मागे, हे कुठलाच डोंगर ठरवत नाही."

स्पर्धेच्या दिवशी मंडळाने घेतलेल्या हॉलचा रखवालदार, एक वयस्क चिनी गृहस्थ, आमच्या ट्रेपाशी थबकला. इथे साचलेलं पाणी म्हणजे डासांची भीती, आणि डासांची भीती म्हणजे दंड. "आँटी, धिस वन कॅनॉट. मॉस्किटो."

"सी वॉटर," बाई म्हणाल्या.

खाऱ्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढत नाहीत. त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. "ओके. कॅन."

हॉलमध्ये दिव्यांच्या माळा लावलेले सिंहगड होते, तोफांचे आवाज काढणारा एक प्रतापगड होता. सेक्रेटरी परीक्षकांना घेऊन फिरत आमच्यापाशी आले. त्यांचा चेहरा आधीच पडलेला होता.

"राजा कुठे आहे?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बाबा, इथे राजा नाही."

"मग किल्ला कसला हा?"

"किल्ला नाही. ग्रीस आहे. बघ ना, मध्ये डोंगर आला, सो इकडचे लोक तिकडे जाऊ नाही शकत. मग ते वेगळे वेगळे गाव झाले. एक राजा कसा होणार सगळ्यांचा?"

सेक्रेटरी निघालेच होते. पण पुणेरी माणसाला मुद्दा सोडून जाता येत नाही. ते वळले. "हे काही खरं नाही. आपल्याकडे सह्याद्री आहे. तिथेही खोरी होती, प्रत्येक खोऱ्याचे वेगळे देशमुख होते. तरी राजा झालाच ना?"

 मी बाईंकडे पाहिलं. प्रश्न अवघड होता आणि खरा होता. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"मग..." मुलगी म्हणाली, "मग डोंगराने नाही केलं ते. डोंगर होता दोन्हीकडे. लोकांनी डिसाइड केलं. इकडे वेगळं, तिकडे वेगळं."

"तेच म्हणतोय मी! राजाने ठरवलं."

"राजा एकटा?" तिचा आवाज चढला. "एकटा कसा ठरवेल? बाकीचे ऐकले म्हणून झालं ना! आणि तू खाणीत कोण आहे ते बघितलंच नाहीस! खाली बस, असं नाही दिसणार!"

आणि सेक्रेटरी, झब्बा सावरत, हॉलच्या फरशीवर गुडघ्यावर बसले आणि डोंगराच्या भोकात डोकावले. बाप आणि मुलगी त्या ट्रेपाशी किती वेळ भांडत होते, मला सांगता येणार नाही. परीक्षक कंटाळून पुढे गेले. मुलीची आई लांबून पळत आली, तिला वाटलं काहीतरी बिनसलं. मग तीही तिथेच थांबली, कारण मुलीला इतकं मराठी येतं हे तिला माहीत नव्हतं.

आमच्या ट्रेला बक्षीस मिळालं नाही. नियमात किल्ला म्हटलं होतं आणि तो किल्ला नव्हता, याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या आठवड्यात समितीचं मत झालं. सेक्रेटरींनी वर्गाच्या बाजूने मत दिलं, आणि बोललेही म्हणे बराच वेळ. पण बहुमत रोबोटिक्सकडे गेलं. खोली गेली.

खोली गेल्याचं बाईंना लागलं. ते त्यांनी लपवलं नाही. दोन दिवस त्या लिफ्टमध्येही कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काकांना म्हणाल्या, "अहो, खाली चटया टाकता येतील का बघा." इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा असतो. खांब, वारा, दोन दगडी टेबलं. शनिवारी सकाळी तिथे चटया अंथरल्या गेल्या. सगळी मुलं आली नाहीत. निम्मीसुद्धा नाहीत. सेक्रेटरी मुलीला सोडायला आले आणि परत गेलेच नाहीत. सह्याद्रीबद्दल त्यांनी आठवडाभर वाचून काढलं होतं, आणि बाईंच्या मांडणीत एक मोठं भोक आहे असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंचे डोळे चमकले. वर गॅस चालू राहिला असावा, काका धावत लिफ्टकडे गेले.

आता मी आंग मो किओला राहते. तो वर्ग अजून चालतो, आणि शनिवारी जमेल तेव्हा मी जाते. मी पत्रकांवर वाढलेली आहे, तेव्हा काही मागितल्याशिवाय मला थांबता येत नाही. मंडळासाठी मी काही मागत नाही, बाईंसाठीही नाही. आज घरी जेवायला बसाल तेव्हा तुमच्या मुलापुढे असा एखादा प्रश्न टाका, ज्याचा आपल्या सणांशी, आपल्या राजांशी, आपल्या आजी-आजोबांशी काही संबंध नाही. मराठीत टाका. ते इंग्रजीत सुरू झालं तर वाट बघा. ते मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर द्यायला लागलं, क्रियापद चुकलं, मध्येच "सो" आणि इथल्या इंग्रजीतलं "ला" आलं, तर भाषा सुधारायला जाऊ नका. मुद्दा खोडा.